घरून लेखनाचं काम करायचंय? आधी लिहायचे तास वाचवा

घरी बसून लिहून पैसे कमवायचे असतील तर आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, लेखकाचं काम दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे खरंखुरं लिहिणं, कोऱ्या पानावर पहिला खर्डा उतरवणं. दुसरं म्हणजे त्याच्या आजूबाजूचं सगळं, मेलना उत्तरं, माहिती शोधणं, फोन, बिलं, दुरुस्त्या, नवीन काम मिळवायची खटपट. ऑफिसात ही दोन्ही एकमेकांत मिसळली तरी निभावून जातं, तिथे तुम्ही खुर्चीत दिसलात की काम चालू आहे असं सगळे धरून चालतात. घरी मात्र दुसऱ्या प्रकारचं काम पहिल्याला खाऊन टाकतं आणि घरातली कामं त्या दोघांनाही. संध्याकाळी बघावं तर दिवसभर उसंत नव्हती आणि फाइलमधे मात्र चार ओळी. त्यामुळे माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, पहिल्या खर्ड्याचे तास वेगळे काढा, ते जिवापाड जपा, आणि उरलेलं सगळं त्यांच्या भोवती बसवा. खुर्ची, टेबल, ॲप, टायमर हे सगळं नंतर.

तास कोणते आणि किती

पहाटे उठून लिहिलं तरच खरा लेखक, असं काही नाहीये. काहींचं डोकं सकाळी चालतं, काहींचं रात्री घर झोपल्यावर. तुमचं कधी चालतं ते अंदाजाने ठरवू नका. एक आठवडा साध्या वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, किती शब्द झाले. मधे कशामुळे उठावं लागलं तेही एका शब्दात लिहा, "फोन", "बेल", "कंटाळा", काय असेल ते. आठवड्याच्या शेवटी वही बघितलीत की बऱ्याचदा चित्र स्पष्ट दिसतं. एखाद्या वेळेला तासाला पाचशे शब्द होतायत आणि दुसऱ्या वेळेला तेवढ्याच तासात दीडशे, मग पहिली वेळ लिहिण्याला आणि दुसरी मेल-बिलांना, वाद संपला.

किती तास? नवीन मजकूर लिहिणं हे दमवणारं काम आहे, दिवसाला तीन-चार तास मनापासून झाले तरी खूप झाले, आणि ज्यांना लहान मुलं आहेत किंवा बाहेरची नोकरी सांभाळून हे करायचंय त्यांना सलग दीड तास मिळाला तरी त्यात बरंच होतं. एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा आणि कामावर जायच्या आधी सकाळी साडेपाच ते साडेआठ लिहायचा, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द. तेवढा वेग सगळ्यांना झेपेल असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या पद्धतीतली दुसरी गोष्ट फार उपयोगाची आहे, तो पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. त्याने भाषेचा सूर परत कानात बसतो आणि कोऱ्या पानाची धास्ती राहत नाही, कारण तुम्ही सुरुवात करत नसता, चालू असलेलंच पुढे नेत असता. अर्धा तास नसेल तर दहा मिनिटं वाचा, पण वाचा.

या तासांमधे मेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. फोन उलटा ठेवून भागत नाही, हात जातोच. आणि "एकच मिनिट मेल बघते" हे एक मिनिटाचं कधीच नसतं. सोफी लरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मधे यावर लिहिलंय, एक काम अर्धवट सोडून दुसरं धरलं की आधीच्या कामात लक्षाचा एक भाग अडकून राहतो. लिहिणाऱ्याला हे रोज जाणवतं. क्लायंटची तिरकस मेल वाचली की पुढची दोन वाक्यं तिलाच उत्तर देत असल्यासारखी उमटतात.

घरातल्या माणसांना कसं सांगायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावरच लोक कमी बोलतात. लिहिणारा माणूस बाहेरून बघितला तर काहीच करत नसतो. खिडकीकडे बघत बसलेला असतो. घरच्यांना वाटतं मोकळाच आहे, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही, दिसतच तसं. मग "जरा दार उघड ना", "हे पार्सल घे", "दोनच मिनिटं बोलायचंय" सुरू होतं, आणि तुम्ही चिडता, आणि मग भांडण होतं ते वेगळंच.

चिडण्याच्या आधी बोलून ठेवा, आणि नेमकं बोला. "मला डिस्टर्ब करू नका" हे फार मोघम झालं, दिवसभर कोणाला गप्प बसवता येत नाही आणि बसवूही नये. त्यापेक्षा "साडेनऊ ते साडेअकरा मी लिहिते, साडेअकरानंतर काहीही सांगा" हे पाळायला सोपं, कारण त्यात शेवट दिसतो. आणि मग साडेअकराला खरंच उठा. पुढच्या पंधरा मिनिटांत घरातल्यांना वेळ द्या, जे साठलंय ते ऐका. दोन-तीन आठवडे हे नीट पाळलं की लोक स्वतःहून म्हणायला लागतात, "साडेअकराला सांगू". लहान मुलांना घड्याळ कळत नाही, त्यांच्यासाठी दाराला रंगीत कागद लावा, लाल असला की आत यायचं नाही, हिरवा असला की ये. पण लाल कागद दिवसभर ठेवलात तर त्याला काही अर्थ राहणार नाही, फक्त त्या दोन तासांपुरताच लावा.

तातडीचं म्हणजे काय हेही ठरवून टाका. कोणाला लागलं, कोणी आजारी पडलं, पाणी गळतंय, तर लगेच हाक मारायची. चार्जर कुठेय, हे तातडीचं नाही.

मित्र-नातेवाइकांचं जरा अवघड जातं. "तू तर घरीच असतेस" हे वाक्य घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. त्यावर वाद घालायला जाऊ नका, कामाचं नाव घेऊन सांगा. "उद्या दुपारपर्यंत एक लेख द्यायचाय, चारनंतर भेटूया" म्हणलं की समोरच्याला पटतं. "मी लिहितेय" याचा आवाज छंदासारखा येतो, "लेख द्यायचाय" याचा आवाज कामासारखा येतो, एवढा साधा फरक आहे.

जागा

वेगळी खोली असेल तर उत्तम. नसेल तर टेबलाचा एक कोपरा, पण रोज तोच. तिथे बसून फक्त लिहायचं, मेल आणि बिलं जमली तर दुसऱ्या खुर्चीत बसून करा, डोक्याला सवय लागते की इथे बसलो म्हणजे आता हे. पलंगावर लॅपटॉप घेऊन लिहिणं पहिले दोन आठवडे छान वाटतं, मग मान धरते.

स्क्रीन हाताच्या अंतरावर, तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली. कोपर साधारण काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले. लॅपटॉपवर हे सगळं एकदम जमत नाही, स्क्रीन उंच केली की कीबोर्ड उंच जातो, म्हणून लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून वेगळा कीबोर्ड लावणं हा सगळ्यात स्वस्तातला उपाय. डोळ्यांसाठी २०-२०-२० चा नियम डोळ्यांचे डॉक्टरच सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघायचं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. जागेबद्दल एवढं पुरे, टेबल सजवण्यात महिना घालवू नका.

बसल्यावर नेमकं काय करायचं

टायमर लावून काम करायची पोमोडोरो पद्धत फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी काढली, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. बिलं, मेल, दुरुस्त्या यांना ती झकास लागू पडते. पहिल्या खर्ड्याला मात्र २५ मिनिटं मला फार तोकडी वाटतात, सूर लागायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात आणि लागला की घंटी वाजते. त्यासाठी ४५-५० मिनिटं लावून बघा.

खर्डा लिहिताना माहिती शोधायला उठायचं नाही, हा नियम कडक पाळा. एखादी तारीख आठवत नाहीये, एखाद्या नावाचं स्पेलिंग नक्की नाहीये, तर तिथे "ठठठ" असं लिहा आणि पुढे चला. ही अक्षरं अशी सलग कुठल्या शब्दात येत नाहीत, त्यामुळे नंतर कंट्रोल-एफ करून "ठठठ" शोधलं की भरायच्या सगळ्या जागा एकामागून एक सापडतात. इंग्रजी पत्रकारितेत यासाठी टी-के ("टू कम", म्हणजे नंतर येणार) लिहायची जुनी पद्धत आहे, तीच कल्पना. एक तारीख शोधायला ब्राउझर उघडला की चाळीस मिनिटांनी तुम्ही भलत्याच पानावर असता, आणि जे वाक्य चालू होतं ते गेलं ते गेलंच.

आणि उठायच्या आधी दोन ओळी लिहून ठेवा, उद्यासाठी. समजा पाठदुखीवरचा लेख चालू आहे: "पुढे: उशीच्या उंचीचा मुद्दा, मग घरी करायचे व्यायाम. डॉक्टरांचं ते 'आधी चाला' वाक्य शेवटी नको, मधेच आणायचं." एवढंच. सगळं संपवून, रिकामं होऊन उठू नका, पुढचं वाक्य माहीत असताना उठा. दुसऱ्या दिवशी बसल्यावर काय लिहू हा प्रश्नच पडत नाही. घरून काम करणाऱ्याला हे जास्त लागतं कारण आपल्याला वेळेवर खुर्चीत बसवायला कोणी साहेब नसतो.

दुरुस्ती लगेच करू नका. एक रात्र गेली तर उत्तम, नाहीतर निदान दोन तास. मग फॉन्ट बदलून किंवा प्रिंट काढून वाचा, आणि एकदा मोठ्याने वाचाच, हजार शब्दांना आठ-दहा मिनिटं लागतात फक्त. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडा, जिथे श्वास पुरत नाही तिथेही मोडा. पहिल्या परिच्छेदाकडे विशेष संशयाने बघा, तो बहुतेकदा आपण हात मोकळा करायला लिहिलेला असतो. त्याच पाठदुखीच्या लेखाचं बघा, समजा खर्ड्याची सुरुवात अशी आहे:

"आजच्या धावपळीच्या युगात पाठदुखी ही एक सर्वसामान्य समस्या बनली आहे. बदलत्या जीवनशैलीमुळे सर्व वयोगटांतील लोकांना याचा त्रास होताना दिसतो."

यातून वाचणाऱ्याला नवीन काय कळलं? काहीच नाही. आता तोच खर्डा जरा खाली वाचत गेलात तर चौथ्या परिच्छेदात हे सापडतं:

"सकाळी मोजे घालायला वाकलं की कळ येते, दहा मिनिटं चाललं की जाते, म्हणून आपण ती विसरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

ही सुरुवात. वरचं सगळं उडवा. जिची पाठ दुखतेय ती हे वाक्य वाचून म्हणेल, अरे हे माझंच आहे, आणि पुढे वाचेल. किती वेळा खरी सुरुवात अशी खाली दडलेली असते ते तुमचेच जुने खर्डे काढून बघा.

काम घेताना काय विचारायचं

घरून काम करताना समोरचा माणूस समोर नसतो, त्यामुळे जे विचारलं नाही ते राहूनच जातं. असा मेसेज येतो: "नमस्कार, आमच्या वेबसाइटसाठी पाठदुखीवर एक छानसा लेख हवाय, साधारण हजार शब्द, लवकर मिळाला तर बरं." नवीन माणूस आनंदाने "हो" म्हणतो आणि लिहायला बसतो. थांबा. या मेसेजमधे "छानसा" म्हणजे काय हे कोणालाच माहीत नाही, पाठवणाऱ्यालाही. वाचणारा कोण, नुकतंच दुखायला लागलेला की वर्षानुवर्षं औषधं घेणारा? वाचून त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे? "लवकर" म्हणजे कुठली तारीख? माहिती ते देणार की आपण शोधायची, डॉक्टरांशी कोण बोलणार? मजकूर शेवटी कोण पास करणार, एक माणूस की पाच जणांची कमिटी? (हा प्रश्न कधीच विसरू नका, पाच जणांच्या पाच दुरुस्त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात.) लेखावर नाव येणार का? एआय टूल वापरलेलं त्यांना चालतं का, चालत असेल तर कुठपर्यंत? आणि अर्थातच पैसे किती, कधी.

हे सगळं चौकशी केल्यासारखं एकापाठोपाठ विचारायला नको. फोनवर दहा मिनिटं बोला आणि मग आपणच लिहून पाठवा, साधारण असं:

"नमस्कार, आपलं बोलणं झाल्याप्रमाणे काम असं आहे. दिवसभर बसून काम करणाऱ्या, पाठ नुकतीच दुखायला लागलेल्या वाचकासाठी १००० ते ११०० शब्दांचा लेख. डॉक्टरांची वेळ तुम्ही ठरवून देणार, त्यांच्याशी बोलणं झालं की पाच दिवसांत पहिला खर्डा देईन. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या मानधनात धरल्या आहेत, विषय किंवा वाचक बदलला तर वेगळं ठरवू. अर्धी रक्कम सुरुवातीला, उरलेली अंतिम मजकूर दिल्यापासून १५ दिवसांत. हे बरोबर असेल तर तसं उत्तर द्या, मी सुरू करते."

यातलं "त्यांच्याशी बोलणं झालं की पाच दिवसांत" हे नीट बघा. "सोमवारी देईन" असं लिहिलं असतं आणि डॉक्टरांची वेळ शनिवारी मिळाली असती, तर उशीर तुमच्या नावावर लागला असता. ज्या तारखा दुसऱ्यावर अवलंबून आहेत त्या कधीच आकड्यात कबूल करू नका, "अमुक मिळाल्यापासून इतके दिवस" असंच लिहा. आणि दुरुस्त्यांची संख्या लिहिली नाहीत तर त्या संपत नाहीत, लोक वाईट असतात म्हणून नाही, लेख समोर असला की कोणालाही काहीतरी सुचतच राहतं.

फुकट नमुन्याबद्दल पण बोलायला हवं. आधी छापून आलेलं किंवा स्वतःसाठी लिहिलेलं लिखाण नमुना म्हणून दाखवायला हरकत नाही. पण त्यांच्याच विषयावर अख्खा लेख "टेस्ट" म्हणून फुकट मागितला तर नम्रपणे सांगा की टेस्टचं मानधन काय आहे. आणि काम देण्याच्या आधी तुमच्याकडूनच रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, डिपॉझिट असं काही मागणारा कोणीही असला तरी तिथून निघा, लेखकाला काम देणारा लेखकाकडून पैसे घेत नाही.

दर कसा ठरवायचा

दुसरे किती घेतात हे विचारून सुरुवात करण्यापेक्षा स्वतःच्या वहीपासून सुरू करा. ती आठवडाभराची वही पुढे चालू ठेवा, फक्त आता प्रत्येक कामाखाली सगळे तास लिहा. हजार शब्दांच्या एका लेखाचं असं काहीतरी निघेल: माहिती वाचणं अडीच तास, कोणाशी बोलून ते उतरवून घेणं एक तास, खर्डा अडीच, दुरुस्ती दीड, मेल-फोन अर्धा. झाले आठ तास. लोक फक्त खर्ड्याचे अडीच तास धरतात आणि मग वर्षभर राबूनही हातात काही का उरत नाही ते कळत नाही.

आता महिन्याला २२ दिवस धरा आणि दिवसाला पैसे मिळवून देणारे पाच तास, बाकीचा वेळ काम शोधणं, बिलं, फाइली लावणं यात जातोच. ११० तास होतात, भागिले आठ, म्हणजे महिन्याला तेरा लेख, तेही सगळं सुरळीत चाललं तर. सुरळीत नेहमी चालत नाही, आजारपण येतं, एखादं काम रद्द होतं, म्हणून नऊ-दहाच धरा. तुम्हाला महिन्याला लागणारी रक्कम, त्यात कर, त्यात रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला टाकायचे पैसे, हे सगळं मिळवून नऊने भागा. हा तुमचा एका लेखाचा तळाचा आकडा, याच्या खाली गेलात तर तोटा ठरलेला. सुरुवातीला ओळख वाढवायला एखादं काम कमी पैशात करावं लागेल, करा, पण किती कमी केलं ते माहीत असू द्या.

शब्दावर पैसे की कामावर? जिथे माहिती गोळा करायला वेळ लागतो तिथे कामावर, कारण शब्दांच्या हिशोबात वाचन धरलं जात नाही, आणि नीट कापून छोटा केलेला लेख जास्त मेहनतीचा असूनही त्याला कमी पैसे मिळतात. वर्णनं, कॅप्शन असलं ठोक काम असेल तर शब्दावर चालेल. लेख मागवून तो छापलाच नाही तर काही टक्के रक्कम मिळेल, याला किल फी म्हणतात, ती आधीच ठरवून घ्या.

हक्कांचं थोडक्यात सांगते. कॉपीराइटबद्दलचा बर्न करार १८८६ सालचा आहे आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत, त्यानुसार तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा हक्क नोंदणी न करताही आपोआप तुमचा असतो. कल्पनेला मात्र संरक्षण नसतं, ती ज्या शब्दांत मांडली त्याला असतं. पण करारात तुम्ही सही करून हक्क देऊन टाकलेत तर ते गेले, म्हणून सही करण्याआधी "सर्व हक्क कायमचे" असं कुठे लिहिलंय का ते शोधा. एकदा छापायचा हक्क देणं वेगळं आणि सगळे हक्क कायमचे विकणं वेगळं, दोन्हीचा दर एक असू शकत नाही.

बिल काम दिलं त्याच दिवशी पाठवा. क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत द्यायचे, खात्याचे तपशील. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी साधी आठवण, रागावल्याशिवाय: "अमुक क्रमांकाच्या बिलाची मुदत काल संपली, पैसे कधी जमा होतील ते कळवाल का?" आठवड्याने दुसरी, आणि ती संपादकासोबत अकाउंट्सवाल्यांनाही. पुष्कळदा संपादकाला माहीतच नसतं की बिल कुठल्यातरी टेबलावर अडकलंय. त्यांचे जुने पैसे येईपर्यंत त्यांचं नवीन काम सुरू करायचं नाही, यात संकोच वाटायचं कारण नाही.

फाइल हरवू देऊ नका

तीन-दोन-एकचा नियम आहे बॅकअपचा, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. लेखकासाठी म्हणजे लॅपटॉपवर एक, हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर एक, क्लाउडवर एक. वर्डमधे ऑटोरिकव्हर (चालू फाइलची आपोआप प्रत ठेवायची सोय) मुळात १० मिनिटांवर असतं, सेटिंगमधे जाऊन ते १ मिनिटावर आणा, आत्ताच करा. फाइलच्या नावात "फायनल" लिहू नका कारण मग "फायनल नवीन" आणि "फायनल शेवटची" असं सुरू होतं आणि क्लायंटला भलतीच फाइल जाते. तारीख लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात.

पुढचं काम कुठून येणार

हातात भरपूर काम असतानाच पुढचं शोधायचं असतं, कारण आज केलेल्या चौकशीला होकार यायला कधी महिना लागतो कधी तीन. आठवड्यातून एक ठरलेला तास याला द्या, तुमच्या सुस्त वेळेतला, लिहायच्या वेळेतला नाही. सगळ्यात आधी जुन्या लोकांना लिहा. ज्यांनी एकदा काम देऊन पैसे वेळेवर दिलेत त्यांना दोन-तीन महिन्यांनी एखादा नेमका विषय सुचवणारी चार ओळींची मेल, "काही काम असेल तर सांगा" असली मोघम मेल नको, त्याला उत्तर देणं समोरच्याला कष्टाचं पडतं. "तुमच्याकडे पाठदुखीवर लेख झाला, आता उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायदुखीवर करूया का, एका फिजिओथेरपिस्टशी बोलता येईल" याला हो किंवा नाही पटकन सांगता येतं.

नवीन ठिकाणी पाठवताना आधी त्यांचे पाच-सहा लेख वाचा, किती लांबीचे असतात, आकडे किती, सूर कसा. मग विषय एका वाक्यात, तो आत्ताच का, कोणाशी बोलणार, किती शब्द, कधी देणार, आणि तुमचं आधीचं एक लिखाण. एवढंच, त्यापेक्षा लांब नको. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, तरी नाही आलं तर तोच विषय थोडा फिरवून दुसरीकडे पाठवा. कुठल्या तारखेला कोणाला काय पाठवलं आणि काय उत्तर आलं ते त्याच वहीत शेवटच्या पानांवर लिहीत चला, म्हणजे एकाच संपादकाला तोच विषय दोनदा जाणार नाही.